मावशीच्या पायावरची लेकरं

रहाटणी-काळेवाडीत तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायका काय कमी आहेत? पण जयमाला मावशीसारखी एकच. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणायची नाही. लगेच म्हणेल, "मग काकी, पाण्यासाठी कटकट कशाला करता?" करणारच! एका बाळाच्या अंघोळीला ही बाई दोन दोन बादल्या कढत पाणी घेते, आणि टाकी माझी आहे.

मी इंद्रायणी. माहेर राजगुरुनगर, सासर रहाटणीचं जुनं शेतकरी घर. जिथं आमची ज्वारी डोलायची तिथं आता भाड्याच्या खोल्या आहेत. खाली-वर दोन मजले, मधे अंगण, कोपऱ्यात नळ. भाडेकरू सगळे बाहेरगावचे, कुणी परभणीचा, कुणी लातूरचा, कुणी चिपळूणचा. नवरे कंपनीत, आणि आता निम्म्या बायकाही कंपनीतच. ते मला काकी म्हणतात, मी त्यांच्यावर खेकसते, आणि आमचं बरं चाललेलं असतं.

मावशी बीडकडची. नवरा भोसरीत भट्टीवर कामाला होता, पाठ गेली तसा घरीच बसला. मग मावशीनं आईकडून शिकलेलं काम धरलं. सकाळी काळेवाडीतून पायी निघायची, हातात पिशवी, पिशवीत तेलाची बाटली आणि मऊसूत जुनेरं. मोरीत पाटावर बसायची, साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाय लांब करायची, आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालायची. रात्रभर घर डोक्यावर घेणारं कार्टं तिच्या पायावर पडलं की निमूट व्हायचं. वर त्यांच्याशी गप्पा! "ए सरपंच, मूठ सोड की. काय धरून आलाईस तिकडून?" पोरगी असली की कलेक्टरीणबाई.

एकदा न्हाऊ घातलं की ते लेकरू जन्मभर 'माह्या पायावरचं'. रस्त्यानं एखादा कॉलेजचा पोरगा गाडी उडवत गेला की ही ओरडणार, "अरे, माह्या पायावरचा तू, आन् मलाच हॉर्न वाजवतोस व्हय?" पोरगा लाजून वेग कमी करायचा. मी बघितलंय हे.

आता गणराजची गोष्ट. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत करिष्मा आणि धनेश राहतात. धनेश चाकणला कंपनीत, रोज बसनं जा-ये. करिष्माचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, परभणीकडं. सव्वा महिना तिकडं काढून ती बाळाला घेऊन आली. इथं सासू नाही, आई लांब. मावशीच तिची सासू आणि मावशीच तिची आई.

गणराजला अडीच महिन्यांचा डोस दिला आणि मांडीला गाठ आली. येते ती कधी कधी. हात लावू नका, आपोआप जिरेल, असं सिस्टरनं सांगितलंही होतं. पण पोरगं रात्रभर किरकिरलं, करिष्मा रडकुंडीला आली, आणि सकाळी मावशी दारात दिसल्याबरोबर म्हणाली, "मावशी, काहीतरी करा ना."

मावशीनं तिची आई करायची तेच केलं. तव्यावर खडेमीठ तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि गाठ शेकली. मग तेल लावून अंगठ्यानं चोळली. दुसऱ्या दिवशी परत शेक, परत चोळणं. गाठ जिरायची सोडून मांडी लालबुंद झाली, कातडीला फोड आला, फोड चिघळला, पोराच्या अंगात सणसणून ताप भरला. तेव्हा मावशीच म्हणाली, "आता माह्या हातातलं न्हाई हे, दवाखान्यात पळा." पोराला छातीशी धरून तीच आधी रिक्षात बसली. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. पोरगं वाचलं, मांडीवर व्रण राहिला.

आणि चाळीत बोभाटा काय झाला? सुईनं लेकराची मांडी सडवली, मावशीनं जीव वाचवला! धनेशनं मावशीला साडी घेतली, मोरपंखी रंगाची, चांगली काठापदराची. मावशीनंही हौसेनं घेतली. तिला तरी कुठं काय माहीत होतं? त्यानंतर मात्र आमच्या चाळीतल्या बायका डोसच्या नावानं दारं लावून घ्यायला लागल्या. त्यांचं ऐकून मागच्या गल्लीतल्या. सिस्टर आली की म्हणायच्या, बाळ झोपलंय. सगळ्या चाळीतली बाळं एकदम कशी झोपतात, सांगा बरं!

असे महिने गेले. गणराज रांगायला लागला, माझ्या जिन्यावरून दोनदा गडगडला. नवव्या महिन्यात गोवराची लस असते, ती कुणी घ्यायला नेलीच नाही. आणि एक दिवस बातमी आली, नदीपलीकडच्या एका वस्तीत गोवराची साथ पसरलीय, लेकरं दवाखान्यात आहेत. माझ्या लहानपणी आमच्या आळीतलं एक पोर गोवरानंच गेलं होतं.

दोन दिवसांनी पालिकेच्या दवाखान्यातल्या मंजुषा सिस्टर आमच्या अंगणात आल्या. खांद्याला बर्फाचा निळा डबा, कपाळावर घाम. निम्म्या खोल्यांना कुलपं, कारण बायका कंपनीत. ज्या घरात होत्या त्या खिडकीतून बघत होत्या. करिष्मा तेवढी जिन्यावर आली. कडेवर गणराज. तिनं त्याची चड्डी वर सरकवली आणि म्हणाली, "आधी हे बघा, मग बोला."

सिस्टरनं वाकून व्रण नीट बघितला. "ह्याच्यावर तेव्हा काय लावलं होतं?"

"काही नाही. मावशीनं मिठाचा शेक दिला, गाठ चोळून बसवायला बघितली, म्हणून तर पोर हाती लागलं माझं."

सिस्टरचा चेहरा मी बघितला. त्यांनी तोंड उघडलं, नळावर तेलकट हात धूत बसलेल्या मावशीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करायचा नाही, एवढी माणुसकी त्या बाईत होती. मी दोघींना चहाला म्हणून स्वयंपाकघरात घेतलं. तिथं सिस्टरनं हळू आवाजात समजावलं. सुईच्या जागेला गरम शेक द्यायचा नसतो, चोळायचं तर अजिबात नसतं. शेकानं कातडी भाजली, चोळून जखम आत गेली, त्यात पू झाला.

मावशीनं हातातला कप खाली ठेवला. "म्हंजी ते माह्या हातानं झालं?"

"मुद्दाम कुणी करतं का, मावशी? पण हो. गार पाण्याची घडी ठेवायची असते, बस."

सिस्टर गेल्या. मावशी आपल्या तळव्यांकडे बघत बसली. मला काही तिचं ते बसणं बघवेना. मी म्हणलं, "जयमाला, झालं गेलं. इथून पुढं चोळू नको म्हणजे झालं. हे बाहेर गेलं तर तुझ्या हातात लेकरू कोण देईल गं?"

"आन् लेकरं डोस घेईनात त्याचं काय?" ती म्हणाली. "काकी, ह्या बाया सुईला न्हाई भ्यायल्या. म्या केलेल्या जखमेला भ्यायल्यात. उद्या गोवर हितं आला तर सगळी माह्याच पायावरची लेकरं हायेत की."

"आणि तुझ्या घरात चूल कशी पेटेल?"

"बघू," म्हणाली आणि पिशवी उचलून चालती झाली. एवढा राग आला मला! समजावायला जावं तर ही 'बघू' म्हणते.

आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी अंगण भरलेलं असतं. पुरुष बनियनवर गाड्या धुतात, बायका कपडे वाळत घालतात, पोरं पायात पायात. त्या गुरुवारी मावशी आली ती तेलाच्या पिशवीशिवाय. हातात ती मोरपंखी साडी, इस्त्री करून, घडी घालून. मला कळलं, ही आता सगळ्यांसमोर बोलणार.

अंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं हाक मारली, "करिष्मा, खाली ये गं." करिष्मा आली, मागून गणराजला घेऊन धनेश. वरच्या कठड्यावर बायका गोळा झाल्या.

"ही साडी घे," मावशी म्हणाली. "ही माही न्हाई. गणूची मांडी सुईनं न्हाई सडली. म्या शेकली, म्या चोळली, म्हणून सडली. सिस्टर नको म्हणल्या होत्या तेच म्या केलं. तवा मला ठावं नव्हतं. आता ठावं झालंय, म्हणून सांगायला आले. दोष द्यायचा तर मला द्या, पण लेकरांना डोस द्या. नदीपल्याड गोवर आलाय."

एकाच्या हातात गाडी धुवायची नळी तशीच वाहत राहिली, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी बंद कर म्हणून ओरडले नाही.

करिष्मानं साडी हिसकावून घेतली. "मी तुम्हाला आईच्या जागी मानलं होतं," एवढंच म्हणाली आणि तरातरा वर गेली. धनेशचा आवाज मात्र चढला. "म्हणजे पोरगं मेलं असतं आमचं?"

मावशी मान खाली घालून म्हणाली, "व्हय. मेलं असतं."

सारवासारव नाही, रडणं नाही. आमचे यजमान यशवंतराव जेवणापलीकडं तोंड न उघडणारा माणूस. ती फाटकाबाहेर गेली तशी मला म्हणाले, "बाई वाघीण हाय. आपल्यात न्हाई एवढी छाती."

छातीनं पोट भरत नाही ना पण! दुसऱ्या दिवसापासून एकेक घर सुटत गेलं. कुणी म्हणालं, आता आम्हीच घालतो अंघोळ. कुणी दारच उघडलं नाही. मावशी काळेवाडीत एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. ज्या हातांनी शंभर लेकरं न्हाऊ घातली ते हात कणकेत. मला एवढं वाईट वाटलं की मी जाऊन तिच्याशीच भांडून आले.

ती हसली. "काकी, ते ऱ्हाऊ द्या. सिस्टरला सांगा, गुरुवारी या म्हणावं. बाकीच्या वारी आया कंपनीत असत्यात. गुरुवारी बाप बी घरी असतोय, त्यानं लेकरू धरलं की आईचा जीव थाऱ्यावर ऱ्हातो." तिची कमाई गेली होती आणि हिला गुरुवारची पडली होती.

सिस्टरनं वरून परवानगी आणली. यशवंतरावांनी अंगणात सावलीला कापड बांधलं, मी घरातलं टेबल दिलं. सिस्टर डबा घेऊन हजर. आणि अंगणात कोण? चिटपाखरू नाही. सगळी कठड्यावरून बघतायत, खाली एकही उतरत नाही. माझं डोकं फिरलं. मी खालून ओरडले, "डोस नाही तर पाणी नाही! कॉक बंद करते बघा!"

"काकी, असं नाही करायचं," सिस्टर घाबरून म्हणाल्या. मेलं, चांगलं करायला जावं तर तेही नको.

तेवढ्यात मावशी फाटकातून आली. हाताला पीठ तसंच. ज्या दारांनी तिला परत पाठवलं होतं त्याच दारांत गेली. उंबऱ्याबाहेर बसायची आणि म्हणायची, "म्या आत येत न्हाई, लेकराला हात लावत न्हाई. तू घिऊन चल, म्या नुसती संगं येते." आधी चिपळूणची पोरगी उतरली. तिच्या मागून लातूरची. मग त्यांचे नवरे, बाळांची टोपडी सावरत. मावशी लांब उभी, दोन्ही हात पाठीमागं बांधून, म्हणजे कुणाला भीती नको. बाळ रडलं की लांबूनच, "रड की सरपंच, आज हक्काचं रडणं हाय तुहं!" आणि प्रत्येक आईला निघताना तेच, "गार पाण्याची घडी. शेक न्हाई, चोळणं न्हाई. माह्यासारखी अक्कल चालवू नगा."

सिस्टर डब्याचं झाकण लावत होत्या तेव्हा करिष्मा खाली आली. मावशीकडं बघितलंसुद्धा नाही. धनेशच्या मांडीवर गणराजला बसवलं. गोवराची लस दिली, राहिलेले डोस कधी ते ठरलं. पोरानं भोकाड पसरलं, आणि मावशी वळून नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. माझेही डोळे भरून आले, त्यात काय लपवायचं?

पुढं साथ मागच्या गल्लीपर्यंत आली. तिथली एक चिमुरडी ऑक्सिजनवर होती, नशीब म्हणून परत आली. आमच्या अंगणातल्या एकाही लेकराला गोवर निघाला नाही. मी नवस बोलले होते, तो फेडलाही, पण कुणामुळं काय झालं ते मला ठाऊक आहे.

तेव्हापासून डोसचा गुरुवार आमच्या अंगणात सुरू झाला तो झालाच. मावशी मेसच्या पोळ्या उरकून आजूबाजूच्या चाळींतून फिरते. प्रत्येक दारात आधी आपली चूक सांगते, मग डोससाठी लेकरू मागते. लोक एव्हाना विसरूनही गेले असते, पण हीच विसरू देत नाही. हळूहळू काही घरांनी तिला परत न्हाऊ घालायला बोलावलं. करिष्माचं दार मात्र बंद ते बंद. अंगणात समोरासमोर आल्या की दोघी खाली बघायच्या. मावशी त्या कोपऱ्यातल्या खोलीकडं पाऊल टाकायची नाही. मधे पडायला माझी जीभ शिवशिवायची, पण यशवंतराव डोळे वटारायचे.

यंदा करिष्माला मुलगी झाली. परत माहेर, परत सव्वा महिना. आली आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अंगणात पोरीला डोस दिला. मावशी लांब, हात पाठीमागं. त्यानंतर करिष्मा पोरीला स्वतःच अंघोळ घालायला लागली. कसली अंघोळ? पोरीचा टाहो फाटकापर्यंत! मला राहवेना. मी वाकडच्या मोठ्या सोसायट्यांत जाणारी एक नावाजलेली मालिशवाली बोलावली. गाडीवरून आली, स्वच्छ ॲप्रन, गोड बोलणं.

करिष्मानं तिला एकच विचारलं, "डोसची गाठ आली तर काय करता?"

"ते सगळं माझ्यावर सोडा हो ताई. माझ्या हातून आजवर कधी काही चुकलेलं नाही."

करिष्मानं तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, एवढी चांगली बाई मी आणली, आणि तू घालवून दिलीस?"

"काकी, हिचं कधी चुकत नाही म्हणते," करिष्मा म्हणाली. "उद्या चुकलं तर ही मला सांगेल का?" ती पोरीला थोपटत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मावशीला बोलवा ना."

मी पायात चपला कशाबशा सरकवल्या आणि मेस गाठली. मावशी लाटणं हातात घेऊन बसलेली. म्हणलं, "करिष्मानं बोलावलंय." तिचा चेहरा पांढराफटक पडला. "का? गणूला बरं न्हाई?"

"अगं, पोरीला न्हाऊ घालायला!"

लाटणं ठेवून ती उठली. नळाखाली हात धुतले, परत धुतले, कोपरापर्यंत धुतले.

वर गेलो तर मोरीत पाणी काढून ठेवलेलं, पाट मांडलेला. मावशी उंबऱ्यावरच थांबली. "सुई कवा झाली हिची?"

"गुरुवारी. डाव्या मांडीला थोडी गाठ आहे," करिष्मा म्हणाली. "तिथं हात लावायचा नाही. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

मावशी पाटावर बसली. साडी खोचली, पाय लांब केले. गणराज येऊन तिला खेटून बसला, तशी त्याच्या मांडीवरचा व्रण दिसला. तिनं तो बघितला आणि नजर फिरवली नाही. "काय सरपंच," म्हणाली, "ही तुही बहीण व्हय?"

करिष्मा पोरीला घेऊन तशीच उभी होती. "मावशी, तुमची साडी कपाटात आहे. घडी मोडलेली नाही. हिचं न्हाऊ-माखू संपलं की नेसायची. ह्या वेळी ती तुमच्या हक्काची."

मावशीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायलाही न थांबता तिनं दोन्ही हात पुढं केले.

"आधी लेकरू दे गं. पाणी निवतंय."